कु. कॉर्नेलिया सोराबजी : ऑक्सफर्डच्या दारी उभी राहिलेली नाशिकची कन्या

ह्या वर्षीच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. अशा प्रसंगी एखाद्या वीरपुरुषाचे, संतांचे किंवा ज्ञातिभूषणाचे चरित्र लिहावे हा आपला परिपाठ आहे, आणि तो योग्यच आहे. तथापि ह्या खेपेस प्रस्तुत लेखकाने एका अशा स्त्रीची निवड केली आहे, की जी आपल्या ज्ञातीची नव्हती. तिचा जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याचे, आणि कीर्ती मात्र सातासमुद्रांपलीकडची. जगातील अत्यंत प्रतिष्ठित अशा विद्यापीठांनी स्त्रियांना आपली दारे कशी उघडली, ती किती किलकिली उघडली आणि उघडल्यावरही आतले पान किती काळ राखून ठेवले, ह्याचा इतिहास जाणावयाचा असेल, तर कु. कॉर्नेलिया सोराबजी ह्यांच्या चरित्राइतके बोधप्रद दुसरे चरित्र क्वचितच सापडेल. सुज्ञ वाचकांनी ते शेवटपर्यंत वाचावे, अशी विनंती आहे. कारण शेवटी त्याचा संबंध आपल्या घराशी आणि आपल्या मंडळाशीही पोहोचतो.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. त्यांचे वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे मूळचे पारशी. तरुणपणीच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यापायी सग्यासोयऱ्यांचा तीव्र रोष पत्करला. मातोश्री फ्रान्सिनाबाई ह्यांचा प्रतिपाळ फोर्ड नावाच्या एका इंग्रज दांपत्याने केला होता. त्या प्रतिपालक मातेचेच नाव ह्या कन्येला ठेवण्यात आले. घरात मुलींची संख्या मोठी. परंतु मुली झाल्या म्हणून आईबापांच्या कपाळाला आठी पडली नाही. पुत्राला जे द्यावयाचे तेच कन्येला द्यावयाचे, हा त्या घरचा दंडक होता. ह्या भावंडांपैकी सूझीबाईंनी पुण्यात सेंट हेलेना शाळा स्थापन केली, तर ॲलिसबाई डॉक्टर होऊन वायव्य सरहद्दीवर रुग्णसेवेत रमल्या. एकाच घरातून अशा कर्तबगार कन्या निपजाव्यात, हा काही केवळ योगायोग नव्हे. त्यामागे मातापित्यांची जाणीवपूर्वक दृष्टी होती.

पुढे हे कुटुंब पुण्यास स्थायिक झाले. फ्रान्सिनाबाईंनी तेथे व्हिक्टोरिया हायस्कूल सुरू केले आणि निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र बसून शिकू लागली. मराठी, गुजराती आणि उर्दू बोलणाऱ्या मुलांसाठीही त्यांनी शाळा चालविल्या. अशा घरी नाना प्रकारच्या स्त्रिया आपले गाऱ्हाणे घेऊन येत. त्यांत एक संपन्न गुजराती विधवा होती. तिच्या कारभाऱ्याने तिला फसवून तिची मिळकत गिळंकृत केली होती. परपुरुषासमोर जाण्याची चाल नाही, वकील सारे पुरुष, आणि कायद्याचा कागद वाचता येत नाही, अशा तिहेरी कोंडीत ती सापडली होती. हे दृश्य लहानग्या कॉर्नेलियेने पाहिले. अशा स्त्रियांना कायद्याचा आधार देणारी एखादी स्त्रीच हवी, हा विचार त्या कोवळ्या वयात तिच्या मनात रुजला आणि पुढे तोच तिचा जीवनहेतू झाला.

तो काळ कसा होता, हे थोडे ध्यानात घेतले पाहिजे. सावित्रीबाई व जोतीराव फुले ह्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढून शेणगोळ्यांचा मारा सोसला, त्याला तीनसाडेतीन तपेच लोटली होती. न्यायमूर्ती रानडे व त्यांचे सहकारी ह्यांनी मुलींच्या हायस्कुलाची, म्हणजेच हुजूरपागेची, स्थापना केली ती १८८४ साली, आणि तिलाही विरोध करणारे भले भले विद्वान होते. कलकत्ता विद्यापीठाने १८७८ साली स्त्रियांना परीक्षांना बसण्याची मोकळीक दिली आणि १८८३ साली कादंबिनी बसू व चंद्रमुखी बसू ह्या दोघी तेथून पदवीधर झाल्या. मुंबई विद्यापीठ मात्र मागे होते. रेव्हरंड सोराबजींनी आपल्या वडील कन्यांना मॅट्रिकच्या परीक्षेस बसू द्यावे म्हणून अर्ज केले, ते नाकारले गेले. अखेर १८८३ साली विद्यापीठाने आपला नियम बदलला. थोरल्या बहिणींना जे दार बंद होते, ते धाकट्या कॉर्नेलियेला उघडे मिळाले.

मॅट्रिक होऊन त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नाव घातले. येरवड्याच्या बाजूला नदीपलीकडे दगडी इमारतीत भरणारे हे कॉलेज म्हणजे त्या वेळच्या महाराष्ट्राच्या बुद्धिवैभवाचे माहेरघर. टिळक, आगरकर ह्यांसारखी नररत्ने तेथूनच बाहेर पडली. त्या कॉलेजात कॉर्नेलियाबाई ह्या पहिल्या आणि एकट्याच विद्यार्थिनी. शेकडो तरुणांत एक मुलगी! काही विद्यार्थी तर त्या वर्गाकडे येताना दिसल्या की वर्गाचे दार मुद्दाम लावून घेत. आज ज्यांच्या नातीपणती मुलांच्या बरोबरीने कॉलेजात जातात, त्यांना ह्याची कल्पना करणेही कठीण जाईल. सहशिक्षण ह्या शब्दाचा अर्थ त्या काळी असा होता. नियमाने प्रवेश दिलेला असे, पण बाकावर जागा आपली आपणच मिळवावी लागे. बाईंनी कोणाशी भांडण मांडले नाही, तक्रार केली नाही. त्या दार उघडून आत जात, आपल्या जागी बसत आणि अभ्यास करीत.

ह्या अभ्यासाचे फळ १८८८ साली पदवी हाती आली तेव्हा दिसले. कॉर्नेलियाबाईंनी पहिला वर्ग मिळविला, आपल्या कॉलेजात त्या सर्वांच्या वर आल्या, आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या. ह्या परीक्षेत असे यश मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास विलायतेत जाऊन उच्च शिक्षण घेण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. गुण मिळाले, क्रमांक मिळाला, सर्व अटी पूर्ण झाल्या. आणि मग सरकारचा निर्णय आला, की ही शिष्यवृत्ती स्त्रीस देता येत नाही. परीक्षेला बसताना ती स्त्री आहे हे चालले, प्रश्नपत्रिका तीच होती, परीक्षक तेच होते. पारितोषिकाची वेळ आली तेव्हा मात्र तिचे स्त्रीत्व आड आले. ह्या अन्यायाची वार्ता इंग्लंडपर्यंत पोहोचली आणि पार्लमेंटात प्रश्नही विचारला गेला. तथापि निर्णय बदलला नाही.

येथे प्रस्तुत लेखकास आपल्या आयुष्यातील एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. नोकरीत असताना, सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी, एका गावी एका लहानशा शिष्यवृत्ती निधीच्या निवड समितीवर मला घेतले होते. बाहेरगावी कॉलेजात जाणाऱ्या होतकरू विद्यार्थ्यास वर्षाला काही रक्कम द्यावयाची, अशी योजना होती. त्या वर्षी माझ्याच वर्गातील एक मुलगी सर्व अर्जदारांत गुणांनी पहिली होती. समितीतील वडीलधाऱ्यांनी असे मत दिले, की मुलगी काय, आज ना उद्या लग्न होऊन परक्या घरी जाणार. पैसा मुलास दिला तर घराण्यास उपयोगी पडेल. नियमात मुलगा वा मुलगी असा शब्द नव्हता. तरीही रक्कम दुसऱ्या क्रमांकाच्या मुलास गेली. मी समितीतला वयाने सर्वांत लहान. मी मान खाली घालून कागदावर सही केली. चार दिवसांनी ती मुलगी घरी आली आणि तिने एवढेच विचारले, की आपल्या गुणांच्या बेरजेत काही चूक झाली होती काय. मला उत्तर देता आले नाही. ती कॉलेजात गेली नाही. कॉर्नेलियाबाईंचे चरित्र वाचताना शिष्यवृत्तीच्या ह्या प्रसंगापाशी मी दरवेळी थांबतो, त्याचे कारण हे आहे.

परंतु कॉर्नेलियाबाई खचल्या नाहीत. त्यांनी अहमदाबादेच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकविण्याची जागा पत्करली. ज्या काळी मुली शाळेत जात नव्हत्या, त्या काळी बावीसतेवीस वर्षांची एक तरुणी कॉलेजातील पुरुष विद्यार्थ्यांना इंग्रजी साहित्य शिकवीत होती! पदरी पैसा जमवून विलायतेस जाण्याचा त्यांचा निश्चय कायम होता. इकडे इंग्लंडमध्ये लेडी हॉबहाउस ह्या सहृदय बाईंनी वृत्तपत्रातून आवाहन करून त्यांच्यासाठी निधी उभारला. रुग्णसेवेमुळे जगप्रसिद्ध झालेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि हिंदुस्थानचे हितचिंतक सर विल्यम वेडरबर्न ह्यांचाही त्या निधीला हातभार लागला. सरकारने जे हक्काचे असून नाकारले, ते परक्यांनी आपण होऊन दिले. १८८९ साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डला पोहोचल्या.

आता ऑक्सफर्डची स्थिती पाहू. हे विद्यापीठ शेकडो वर्षांचे जुने. तेथे स्त्रियांचा शिरकाव झाला तो १८७९ साली, जेव्हा लेडी मार्गारेट हॉल आणि सॉमरव्हिल हॉल ह्या दोन संस्था मुलींच्या निवासासाठी व शिक्षणासाठी उघडण्यात आल्या. १८८४ साली विद्यापीठाने काही परीक्षा स्त्रियांस मोकळ्या केल्या. तथापि त्या विद्यापीठाच्या सभासद नव्हत्या. व्याख्यानाला जावयाचे तर सोबत एखादी प्रौढ स्त्री पाठराखीण म्हणून असावी लागे. परीक्षेत उत्तीर्ण झाल्या तरी पदवी नाही, पदवीधराचा झगा नाही, विद्यापीठाच्या कारभारात मत नाही. केंब्रिजची स्थितीही ह्याहून निराळी नव्हती. तेथे गर्टन व न्यूनहॅम ह्या स्त्रियांच्या कॉलेजांतील विद्यार्थिनी परीक्षांत चमकत होत्या. १८९० साली न्यूनहॅमच्या फिलिपा फॉसेट ह्या तर गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लरच्याही वर आल्या. आपल्या रँग्लर परांजप्यांमुळे ह्या मानाचे मोल महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु सीनियर रँग्लर ही पदवी त्यांस लाभली नाही, कारण त्या यादीत पुरुषांचीच नावे असत. स्त्रीचा क्रमांक वेगळा वाचून दाखवीत.

कॉर्नेलियाबाई सॉमरव्हिलमध्ये राहू लागल्या. आरंभी त्यांनी साहित्याचा अभ्यास योजिला होता. परंतु बालपणी पाहिलेली ती विधवा त्यांच्या ध्यानात होती. त्या कायद्याकडे वळल्या. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट हे प्लेटोच्या ग्रंथांचे भाषांतरकार म्हणून ख्यातनाम असलेले वृद्ध पंडित. त्यांनी ह्या हिंदी विद्यार्थिनीस कन्येसारखे मानले आणि तिच्यासाठी आपले सारे वजन खर्ची घातले. ऑल सोल्स कॉलेजचे प्रमुख सर विल्यम ॲन्सन ह्यांनी त्यांस आपल्या कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी दिली. तेथे तोपर्यंत कोणत्याही स्त्रीने ग्रंथ उघडून वाचन केलेले नव्हते. ह्यावरून एक गोष्ट लक्षात येते. संस्थेचे नियम निष्ठुर असतात. परंतु संस्थेतील एखादा अधिकारी मनुष्य मनात आणील तर नियमाच्या भिंतीतही खिडकी पाडू शकतो.

१८९२ साली बी. सी. एल. ह्या कायद्याच्या उच्च परीक्षेची वेळ आली. ऐन वेळी पुन्हा विघ्न उभे राहिले. परीक्षा घेणाऱ्यांनी एका स्त्रीची परीक्षा घेण्यास नकार दिला. स्त्रीने कोठेतरी बाजूला, निराळ्या व्यवस्थेने परीक्षा द्यावी असा विचार पुढे आला. परंतु कॉर्नेलियाबाईंनी तो मान्य केला नाही. पुरुष जेथे बसतात तेथेच, त्यांच्याच बरोबरीने, तीच परीक्षा द्यावयाची हा त्यांचा आग्रह होता. अखेर जोवेट आदींच्या खटपटीने विद्यापीठाने खास ठराव संमत केला आणि त्यांस परीक्षेस बसू दिले. निकाल लागला. अपेक्षेइतका वरचा वर्ग त्यांस मिळाला नाही आणि त्याची खंत त्यांस फार वाटली. तथापि त्या उत्तीर्ण झाल्या. ब्रिटिश साम्राज्यातील कोणत्याही स्त्रीने ही परीक्षा तोपर्यंत दिलेली नव्हती. आणि पदवी? ती नाही. विद्यापीठाने परीक्षा घेतली, उत्तरपत्रिका तपासल्या, उत्तीर्ण असे लिहिले; मात्र पदवीदानाच्या दिवशी त्यांचे नाव पुकारले गेले नाही. डेक्कन कॉलेजात जे शिष्यवृत्तीचे झाले, तेच ऑक्सफर्डमध्ये पदवीचे झाले.

मायदेशी परतल्यावरही हेच दैव त्यांच्या पाठीस लागले. १८९६ साली पुण्याच्या न्यायालयात एका खटल्यात त्या बचावासाठी उभ्या राहिल्या. ब्रिटिश न्यायाधीशासमोर बाजू मांडणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. परंतु ती एका खटल्यापुरती मुभा होती, सनद नव्हे. सनद मिळावी म्हणून त्यांनी १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एल्एल. बी. परीक्षा दिली आणि १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही दिली. दोन्ही परीक्षांत त्या उत्तीर्ण झाल्या. सनद मात्र मिळाली नाही, कारण अर्जदार स्त्री होती. वाचकहो, एकाच व्यक्तीने किती परीक्षा द्याव्यात? आणि प्रत्येक परीक्षेत उत्तीर्ण होऊन किती वेळा दारात उभे राहावे?

एखादी साधारण व्यक्ती असती तर निराश होऊन घरी बसली असती. कॉर्नेलियाबाईंनी दुसरा मार्ग शोधला. पडदानशीन स्त्रिया व अज्ञान वारस ह्यांच्या मिळकतींची व्यवस्था सरकारचे कोर्ट ऑफ वॉर्ड्स हे खाते पाहत असे. त्या खात्यास एका स्त्री कायदे सल्लागाराची गरज आहे, हे त्यांनी लेखांनी व अर्जांनी सरकारच्या गळी उतरविले. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सवर त्यांची नेमणूक झाली. पुढे त्यांचे कार्यक्षेत्र बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम असे विस्तारले. नदीनाल्यांतून, पालखीतून, होडीतून प्रवास करीत त्या जमीनदारांच्या वाड्यांतील अंतःपुरात जात, बायकांची गाऱ्हाणी ऐकत, दत्तकाचे वाद मिटवीत, विधवांच्या पोटगीची तजवीज करीत, मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था लावीत. सुमारे वीस वर्षांच्या सेवेत त्यांनी सहाशेच्या आसपास स्त्रिया व पोरकी मुले ह्यांना साह्य केले असे सांगतात. १९०९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक देऊन गौरविले. ज्या अनुभवांतून त्या गेल्या, ते त्यांनी आपल्या अनेक इंग्रजी ग्रंथांत लिहून ठेवले आहेत. १९३४ साली प्रसिद्ध झालेले इंडिया कॉलिंग हे त्यांचे आत्मचरित्र त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे.

पहिल्या महायुद्धानंतर जगाचे वारे फिरले. १९२० साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने स्त्रियांना सभासदत्व व पदवी देण्याचा ठराव केला, आणि पूर्वी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या स्त्रियांनाही त्यांच्या पदव्या देऊ केल्या. १९२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलियाबाईंस सनद दिली. १९२२ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली मिळविलेली बी. सी. एल. पदवी त्यांनी तीस वर्षांनी हाती घेतली. त्या वेळी त्यांच्या वयाची पंचावन्न वर्षे उलटून गेली होती. जोवेट तोपर्यंत कधीच कालवश झाले होते. १९२३ साली त्या लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या. त्याच वर्षी हिंदुस्थानात स्त्रियांच्या वकिलीवरील बंदी कायद्याने दूर झाली आणि पुढील वर्षी त्यांनी कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात काम सुरू केले. परंतु उमेदीची वर्षे निघून गेली होती. न्यायाधीशांच्या व सहवकिलांच्या मनातील अढी कायम होती, आणि उभे राहून वाद करण्यापेक्षा लेखी अभिप्राय देण्याचे कामच त्यांच्या वाट्याला अधिक आले. १९२९ साली त्या निवृत्त होऊन लंडनला गेल्या. उत्तर वयात त्यांची दृष्टी मंदावली. ६ जुलै १९५४ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले.

चरित्रलेखकाने गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर ते चरित्र न होता आरती होते. कॉर्नेलियाबाईंची ब्रिटिश राज्यावर अढळ निष्ठा होती. महात्मा गांधींच्या चळवळीस त्यांचा विरोध होता. १९२७ साली कॅथरीन मेयो ह्या अमेरिकन बाईंनी हिंदुस्थानची निंदा करणारा जो ग्रंथ लिहिला, त्याची त्यांनी पाठराखण केली. साऱ्या देशात त्या ग्रंथाविरुद्ध संतापाची लाट उसळली असता त्या विरुद्ध बाजूस राहिल्या, आणि त्यामुळे देशबांधवांच्या मनातून उतरल्या. त्यांच्या नावाचा आपल्याकडे जो विसर पडला, त्याचे हे एक प्रमुख कारण असावे. त्यांचे हे मत लेखकास मान्य नाही. परंतु ज्या प्रश्नावर त्या चुकल्या त्यापायी ज्या प्रश्नावर त्यांनी उभे आयुष्य वेचले तो विसरावा, हा न्याय नव्हे. २०१२ साली लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. ज्या संस्थेत त्यांच्या तरुणपणी स्त्रीला प्रवेशच नव्हता, तेथे आज त्यांची मूर्ती आहे.

त्यांच्यानंतरची हकिकतही थोडक्यात सांगितली पाहिजे, म्हणजे ही वाट किती लांबची होती ते कळेल. १९२० साली पदव्या दिल्यावर ऑक्सफर्डने १९२७ साली स्त्री विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, आणि ती १९५७ सालापर्यंत राहिली. केंब्रिजने तर स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली, म्हणजे आपण स्वतंत्र झाल्यानंतर! रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाई ह्या १९२० नंतरच्या दशकात न्यूनहॅममध्ये शिकल्या. पित्यास जो पूर्ण मान ह्या विद्यापीठाने दिला, तो कन्येच्या वेळी स्त्रीवर्गास खुला नव्हता. सॉमरव्हिलमध्ये पुढे आपल्या इंदिरा गांधी काही काळ शिकल्या. मुलामुलींनी एकाच कॉलेजात राहून शिकावे, ही गोष्ट तर फारच उशिरा घडली. केंब्रिजमध्ये १९७२ साली चर्चिल, क्लेअर व किंग्ज ह्या तीन पुरुष कॉलेजांनी मुलींना घेतले. ऑक्सफर्डमध्ये १९७४ साली पाच कॉलेजांनी तसे केले. शेवटी उरलेल्या ऑरियल कॉलेजने १९८५ साली, आणि केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजने १९८८ साली आपले दार उघडले. सॉमरव्हिलनेही १९९४ साली मुलांना प्रवेश दिला. कॉर्नेलियाबाई डेक्कन कॉलेजातील मुलांमध्ये एकट्या बसल्या, त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी हे काम तेथे पुरे झाले. ह्या एका बाबतीत पुण्याचे आपले कॉलेज ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या शंभर वर्षे पुढे होते, हे अभिमानाने सांगावयास हरकत नाही. मात्र त्याबरोबर वर्गाच्या त्या लावून घेतलेल्या दाराचीही आठवण ठेवली पाहिजे.

ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावयाचे? आज आपल्या मुली कॉलेजात जातात, गुणवत्ता यादीत झळकतात. ह्या स्मरणिकेच्या मागील पानांतील यशस्वी विद्यार्थ्यांची नावे वाचली तर त्यांत मुलींचा भरणा अधिक दिसतो. म्हणून प्रश्न सुटला, असे आपण समजतो. कॉर्नेलियाबाईंना कोणी शिकू नका असे म्हटले नव्हते. त्यांना वर्गात घेतले, परीक्षेस बसविले, उत्तीर्णही केले. नाकारले ते त्यापुढचे. आपल्या घरीही पदवीपर्यंत मुलीच्या शिक्षणास कोणी ना म्हणत नाही. परंतु पदवीनंतर परगावी वा परदेशी पाठविण्याचा, कर्ज काढण्याचा, घरचे शेत गहाण ठेवण्याचा प्रसंग आला, की तो मुलासाठी येतो. मुलीसाठी स्थळ पाहणे सुरू होते. हा हिशेब प्रत्येकाने आपल्या मनाशी करून पाहावा.

आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीस लेखकाची एक नम्र सूचना आहे. उच्च शिक्षणासाठी आपण जी रक्कम देतो, तिच्या नियमावलीत मुलगा व मुलगी ह्यांना समान अधिकार आहे, असे एक वाक्य स्पष्ट शब्दांत लिहून ठेवावे. आणि निवड होईल तेव्हा सर्व अर्जदारांचे गुण व क्रमांक मंडळाच्या फलकावर लावावेत. नियमात शब्द नसला म्हणजे पंक्तीतील वडीलधाऱ्यांचे मत हाच नियम होतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि निवड समितीत जे कोणी वयाने लहान असतील, त्यांना ह्या वृद्ध शिक्षकाचे एवढेच सांगणे आहे, की सही करण्यापूर्वी कागद एकदा नीट वाचावा आणि जे दिसेल ते बोलावे. मी त्या वेळी बोललो नाही. त्या मुलीच्या गुणांच्या बेरजेत काहीही चूक नव्हती, हे मी आज येथे लिहितो. तिला सांगावयास मात्र पस्तीस वर्षे उशीर झाला आहे.